कुंपणाचे खांब : ख्रिस्ती मुलांची महाविद्यालयपूर्व तयारी आणि ऑनलाइन शिक्षण

‘ऑनलाइन शिक्षण’ हे शब्द आपल्या खेडोपाडी पोचले ते मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या तेव्हा; आणि बहुतेकांच्या मनात ते अजूनही त्याच दिवसांशी जखडलेले आहेत. घरात मोबाइल एक, शिकणारी भावंडे तीन, रेंजसाठी बांधावर जाऊन बसायचे आणि तिकडून शिक्षकांचा आवाज तुटक तुटक ऐकू यायचा. शाळा पुन्हा उघडल्यावर ‘ते ऑनलाइन प्रकरण एकदाचे संपले’ असे पालकांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. परंतु अडचणीच्या काळात घाईघाईने उभे केलेले वर्ग आणि विचार करून निवडलेला, आपल्या गतीने करायचा अभ्यास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे, आणि तोही एका मर्यादित संदर्भात. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील नववी ते बारावीच्या मुलामुलींना महाविद्यालयाच्या व पुढील व्यवसायाच्या तयारीसाठी या साधनाचा काय उपयोग होतो, कोठे होत नाही, आणि होण्यासाठी काय लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी स्वतः अशाच कुटुंबातली. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) एका लहान गावच्या मंडळीत वाढले. ‘मंडळी’ हा शब्द आमच्याकडे चर्चच्या सभासदांच्या समुदायाला वापरतात. गेली दोन वर्षे दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या मंडळीतील मुलांबरोबर उपासनेच्या सभागृहात अभ्यासाला बसते. पुढील विवेचनात पुस्तकी माहिती आहे, तसा त्या शनिवारांचा अनुभवही आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती म्हटले की आपल्यातील पुष्कळ वर्गमित्रांच्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंटची शाळा आणि फाडफाड इंग्रजी येते. प्रथम वर्षात मला एका मैत्रिणीने ‘तुझ्या घरी मराठी बोलतात का?’ असे अगदी निर्मळ मनाने विचारले होते. वस्तुस्थिती अशी आहे की २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही भरत नाही. आणि तीही एकजिनसी नाही. वसईचा बागायतदार, मुंबईचा ईस्ट इंडियन, गोव्याहून आलेले कुटुंब आणि नगर-जालन्याकडील मराठी ख्रिस्ती यांची बोली, जेवण, उत्पन्न सारेच वेगळे. आमच्याकडची बहुसंख्य घरे गावकुसाबाहेरून आलेली. कोणी शेतमजूर, कोणी वाहनचालक, कोणी शाळेत शिपाई, आणि एखाद्या घरात एखादी परिचारिका किंवा शिक्षक, ज्याच्याकडे बघून सगळी वाडी आपल्या मुलांची स्वप्ने रचते.

त्यातच कायद्याची एक गाठ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अशा घरांतील मुलांना इतर मागासवर्गाचा दाखला मिळू शकतो, पण त्यासाठी लागणारी कागदपत्रे, उत्पन्नाचे प्रमाणपत्र आणि महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज यांत बारावीचा अर्धा जीव जातो. या प्रश्नाच्या न्याय्यतेची चर्चा येथे करीत नाही; तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच की आमच्या मुलाची ‘महाविद्यालयाची तयारी’ म्हणजे केवळ गणित-इंग्रजी नव्हे. कोणता अर्ज कधी भरायचा, हे घरात कोणालाच ठाऊक नसणे हीही त्या तयारीतली उणीवच आहे.

मिशनच्या काळात ही उणीव कोण भरून काढीत असे? अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांनी ठाणे केले. सिंथिया फॅरार या बाईंनी तेथे मुलींच्या शाळा चालविल्या; महात्मा फुले यांनी त्या पाहिल्या होत्या हे आपण इतिहासात वाचतोच. पण माझ्या मते शाळांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, काम ‘बोर्डिंग’ने केले. माझे आजोबा मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकले. तेथील शिकवण्याबद्दल ते फारसे बोलत नाहीत. बोलतात ते पहाटेच्या घंटेबद्दल, एका कंदिलाभोवती बसणाऱ्या सहा मुलांबद्दल आणि मागून चपला वाजवीत फेरी मारणाऱ्या मास्तरांबद्दल. ठरलेली वेळ, सोबत आणि नजर या तीन गोष्टी बोर्डिंगने गरिबांच्या मुलांना दिल्या. पुढे परदेशचा पैसा आटला, आणि आमच्या भागातली कित्येक बोर्डिंगे बंद पडली किंवा नावापुरती उरली. इमारती आहेत, घंटा नाही.

घरी राहून शिकण्याची परंपरा आमच्यात नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी शाळेचे तोंड न पाहता आईवडिलांपाशी संस्कृत आत्मसात केले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या त्याच्या पूर्वीची ही गोष्ट. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी काही घरी, काही मिशनच्या शाळांत शिकल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. लक्ष्मीबाई टिळकांचे शिक्षण तर लग्नानंतर घरातच झाले. ही नावे आम्ही मंडळीच्या कार्यक्रमांत अभिमानाने घेतो. पण एक गोष्ट विसरतो. रमाबाईंजवळ अनंतशास्त्री होते, सोराबजींजवळ शिकलेले वडील होते, लक्ष्मीबाईंच्या घरात कवी होता. घर हीच शाळा झाली ती घरात शिकलेले माणूस होते म्हणून. ज्या घरात तसे माणूस नाही तेथे मोबाइल आणून ठेवल्याने घराची शाळा होत नाही.

हा मुद्दा अमेरिकेच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. तेथे ख्रिस्ती कुटुंबांतील पुष्कळ मुले शाळेत न जाता घरीच शिकतात. १९९३ पर्यंत ही पद्धत तेथील सर्व ५० राज्यांत कायदेशीर ठरली होती. अशा मुलांसाठी ऑनलाइन वर्ग चालविणाऱ्या संस्था तेथे आहेत. मुले पंधरा-सोळाव्या वर्षी शालेय अभ्यासाबरोबरच एखाद्या महाविद्यालयाचा विषयही ऑनलाइन घेतात. शिवाय कॉलेज बोर्डाची ‘क्लेप’ नावाची परीक्षा १९६७ पासून आहे. विषय कोठेही, कसाही शिका. ही परीक्षा उत्तीर्ण झालात तर अनेक महाविद्यालये त्या विषयाचे श्रेयांक देतात आणि तेवढे शुल्क वाचते. धर्मसंस्कार, अभ्यास आणि काटकसर या तिन्ही गोष्टी एकत्र बसविणारी ही व्यवस्था पाहून आपल्याकडील काही उत्साही मंडळींना वाटते की हेच येथेही करावे.

मला ते शक्य वाटत नाही, आणि शक्य असले तरी इष्ट वाटत नाही. शक्य नाही ते अशासाठी की आपल्याकडे पदवीच्या प्रवेशाला मान्यताप्राप्त मंडळाची बारावी लागते. शाळा सुटलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे (दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५), आणि ती चांगली वाट आहे. पण तीही शेवटी परीक्षा केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेची वाट आहे. ऑनलाइन विषयांचे श्रेयांक आपल्याकडे मोजले जातात ते पदवीला प्रवेश घेतल्यानंतर. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरील विषयांतून पदवीच्या एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यास करण्याची मुभा होती, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. मात्र आपले महाविद्यालय व विद्यापीठ कोणते विषय मान्य करते हे आधी विचारावे लागते. तेव्हा नववी-दहावीच्या मुलाला ‘आतापासून प्रमाणपत्रे गोळा कर’ असे सांगणे म्हणजे पेरणीआधी पोती शिवण्यासारखे आहे. या वयात ऑनलाइन अभ्यासाचा उपयोग प्रमाणपत्रासाठी नव्हे, तर कच्चे राहिलेले पक्के करण्यासाठी आणि पुढच्या वाटा डोळ्यांनी पाहून घेण्यासाठी आहे.

इष्ट का नाही, त्याकडे पुढे येते. आधी या साधनाच्या मुख्य दुबळेपणाबद्दल.

हार्वर्ड आणि एम.आय.टी. या दोन विद्यापीठांनी २०१२-१३ मध्ये आपले पहिले १७ ऑनलाइन विषय जगाला मोफत खुले केले आणि त्या वर्षाचा हिशेब प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. नोंदणी झाली ८,४१,६८७. त्यांपैकी २,९२,८५२ जणांनी आत पाऊलही टाकले नाही. ४,६९,७०२ जणांनी निम्म्याहून कमी पाहिले. प्रमाणपत्रापर्यंत पोचले ते ४३,१९६, म्हणजे शंभरात पाच. यातले सगळेच अपयशी असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण फुकटच्या ग्रंथालयात डोकावणाऱ्या प्रत्येकाने पुस्तक संपवावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. जगातील उत्तम अध्यापक, उत्तम चित्रफिती, शुल्क नाही, आणि तरीही टिकले ते थोडे. नोंदणी करणाऱ्यांत पदवीधर पुष्कळ होते. मग आमच्या वाडीतल्या नववीच्या मुलाने एकट्याने टिकावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर चर्चच्याच एका जुन्या प्रयोगात मला सापडले, आणि तो प्रयोग संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशात प्रेस्बिटेरियन चर्चचे एक धर्मशास्त्र महाविद्यालय होते. खेड्यापाड्यांतील मंडळ्या खरोखर चालविणारी माणसे शेती-संसार सोडून तेथे येऊन राहू शकत नव्हती. जी तरुण मुले येत त्यांतली बरीचशी शिकून खेड्यात परतत नसत. म्हणून १९६३ मध्ये त्यांनी उलटा विचार केला. विद्यार्थी येत नाही तर अभ्यास त्याच्याकडे जावा. पाठ अशा रीतीने लिहिले की माणूस ते घरी स्वतः करील, आणि शिक्षक आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर जाऊन त्यांच्याबरोबर बसेल. ही ‘विस्तार-शिक्षणा’ची पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे याच पद्धतीने काम करणारी ‘टाफ्टी’ ही संस्था बंगळूरला १९७१ मध्ये निघाली.

टेड वॉर्ड नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली आहे. कुंपणाला दोन आडव्या बल्ल्या असतात. वरची बल्ली म्हणजे पाठांतून मिळणारे ज्ञान, खालची म्हणजे प्रत्यक्ष कामातला अनुभव. पण नुसत्या बल्ल्या हवेत राहत नाहीत. ठरावीक अंतरावर उभे खांब लागतात. ते खांब म्हणजे आठवड्याची बैठक, जेथे शिकलेले आणि केलेले एकमेकांस जोडले जाते. मला ही उपमा फार पटली. ऑनलाइन शिक्षणाने वरची बल्ली स्वस्त, मजबूत आणि वाटेल तेवढी लांब करून दिली आहे. खांब मात्र त्यातून मिळत नाहीत. ते जागच्या जागी, हाताने रोवावे लागतात. आणि खांब रोवण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी, म्हणजे जागा, ठरलेला वार आणि एकमेकांना ओळखणारी माणसे, प्रत्येक मंडळीपाशी आधीच आहेत.

आमच्या शनिवारच्या तासाची रीत यावरून बसविली आहे. सभागृहात तीन जुने संगणक आहेत. मुंबईला नोकरीस असलेल्या मंडळीतल्याच एका कुटुंबाने नाताळात दिले. मुले येतात कधी नऊ, कधी चौदा. दोघांत एक संगणक, आणि कळफलक दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्याकडे. सुरुवात आम्ही मुंबई आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’पासून केली, आणि तीच करावी असे माझे मत आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मोफत असून उतरवून ठेवता येतात, त्यामुळे वाडीतल्या इंटरनेटच्या लहरीवर तास अवलंबून राहत नाही. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, थांबवायचा, आणि दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करून पाहायची. विशेष म्हणजे आवाज मराठीत आहे, पण पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच ठेवली आहेत. कानाला मराठी आणि डोळ्याला इंग्रजी! इंग्रजीची भीती घालविण्याचा याहून साधा उपाय मी पाहिलेला नाही. तीन महिन्यांत एका मुलीने इंग्रजी शब्दांची वही भरविली. त्यातला एकही शब्द तिला कोणी पाठ करायला सांगितला नव्हता.

वर्गाच्या पुस्तकांसाठी बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर आहेत, ‘दीक्षा’वर पाठ आहेत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. शाळेतही ते दाखवितात.

खांब नसला म्हणजे काय होते ते एका मुलाच्या बाबतीत पाहिले. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि हंगाम सुरू झाला की तोही त्यांच्याबरोबर जातो. दिवाळीनंतर निघताना आम्ही गणिताचे बारा पाठ त्याच्या मोबाइलमध्ये भरून दिले. पाडव्याच्या सुमारास तो परतला तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेने विचारले. त्याने चौथा पाठ सात वेळा पाहिला होता, पाचवा एकदाही नाही. चौथ्या पाठात एक पायरी गाळलेली होती; वर्गातल्या मुलाला ती सहज कळते, याला कळली नाही, आणि कोपीत ती विचारण्यासारखे कोणी नव्हते. “ताई, तो माणूस परत परत तेच बोलतो,” एवढेच तो म्हणाला. ती पायरी त्याच्या वहीत मांडून दाखवायला मला चार मिनिटे लागली. पुढचे आठ पाठ त्याने महिन्याभरात केले. या हंगामात आम्ही ठरविले आहे की दर रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एकाने त्याला फोन करायचा. खांब दूरचा असला तरी चालतो. पण माणूसच हवा.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. बारावी विज्ञानातल्या एका मुलीला परिचारिका व्हायचे होते. आमच्या समाजात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, तेव्हापासून मिशन रुग्णालयांनी किती मराठी ख्रिस्ती मुलींना पायांवर उभे केले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ही मुलगी एके शनिवारी एक पत्रक घेऊन आली. ‘घरबसल्या नर्सिंगची पदवी, ऑनलाइन, प्रवेश मर्यादित.’ माणूस घरी येऊन गेला होता. आईने बचत गटातून पहिल्या हप्त्याचे पैसे उचलून ठेवले होते आणि सोमवारी ते भरायचे होते.

त्या संध्याकाळी आम्ही दुसरे काही केले नाही. सगळ्या मुलांना संगणकाभोवती बसविले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचे संकेतस्थळ उघडले. कोणत्या विद्यापीठांना कोणत्या ऑनलाइन पदव्यांची परवानगी आहे याची यादी तेथे असते, तशीच जे अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देताच येत नाहीत त्यांचीही. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, औषधनिर्माण, आणि नर्सिंग. त्या मुलीने ते इंग्रजीतले नाव स्वतः वाचले आणि मग पत्रकातील नाव पुन्हा वाचले. रुग्णाच्या हाताला सुई टोचण्याचे शिक्षण मोबाइलवर कसे होईल, हा साधा प्रश्न कोणाच्याच मनात आला नव्हता, कारण छापलेल्या पत्रकावर रुग्णालयाचे चित्र होते. त्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही. अशी पत्रके एकाच संस्थेची नसतात. सोमवारी पैसे बचत गटात परत गेले. मुलगी आता राज्याच्या नर्सिंग प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. जीवशास्त्राचे पाठ ती ऑनलाइन पाहते आणि तालुक्याच्या रुग्णालयात काम करणारी तिची मावशी रविवारी तिच्याकडून उजळणी करून घेते. ऑनलाइन तयारी आणि ऑनलाइन पदवी यांतला फरक कळला, यात त्या मुलीचे एक वर्ष आणि आईचे कर्ज दोन्ही वाचले.

हे लिहिताना दूरशिक्षणालाच कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी एकाच वेळी दोन पदव्या करण्यासही परवानगी मिळाली. घरी राहून म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या मुलीसाठी या सोयी लाखमोलाच्या आहेत. प्रश्न फक्त मान्यता तपासण्याचा आहे. ती तपासायला पाच मिनिटे लागतात, पण ती तपासायची असते हे कोणीतरी सांगावे लागते.

आता धर्माच्या बाजूकडे वळते, कारण ‘ख्रिस्ती’ मुलांची तयारी म्हटल्यावर तो प्रश्न टाळणे बरे नव्हे. आमच्या पाळकसाहेबांना सुरुवातीस हा तास पसंत नव्हता. मोबाइलवर मुले काय पाहतील याची त्यांना धास्ती होती, आणि ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. आम्ही संगणकांचे पडदे सभागृहाच्या बाजूस वळवून ठेवले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत. तेवढ्याने धास्ती बरीच कमी झाली. (पुढे पाळकसाहेबच एके दिवशी टंकलेखन शिकायला बसले, हे त्यांच्या परवानगीने नमूद करते.)

पण दुसरा एक विचार मंडळीतल्या काहींनी मांडला, आणि तो अधिक खोल आहे. मुलांना केवळ ख्रिस्ती शिक्षकांनी, ख्रिस्ती दृष्टीने तयार केलेलेच पाठ द्यावेत. म्हणजे महाविद्यालयात गेल्यावर त्यांचा विश्वास डळमळणार नाही. अमेरिकेतल्या त्या व्यवस्थेचा खरा गाभा हाच आहे. तो मला इष्ट का वाटत नाही ते सांगते. शंभरात एक असलेल्या समाजाची मुले उद्या नव्याण्णवांच्या बरोबर शिकणार, काम करणार, भाड्याने खोली घेणार आहेत. त्यांना वेगळी भिंत बांधून देणे म्हणजे पोहायला शिकवताना पाण्यापासून दूर ठेवणे. शिवाय आमचा वारसाही तसा नाही. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला निघाला तो केवळ ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता. त्यात विज्ञान होते, सामाजिक वाद होते, विरोधकांशी खडाजंगी होती. जीवशास्त्राच्या पाठात उत्क्रांती आली आणि एका मुलाने उत्पत्तीच्या कथेचे काय, असे विचारले, तेव्हा आम्ही पाठ बंद केला नाही. त्या प्रश्नावर पाळकसाहेब आणि शाळेतले विज्ञानाचे सर यांना एकाच शनिवारी बोलावले. दोघांचे पूर्ण एकमत झाले नाही, आणि दोन मोठी माणसे चहा पिताना सभ्यपणे असहमत राहू शकतात हे मुलांनी पाहिले. कोणत्याही चित्रफितीतून हा पाठ मिळाला नसता.

धर्माने या तयारीला द्यायचे ते भिंत नव्हे, दुसरेच काही आहे, असे मला वाटते. मराठी ख्रिस्ती भाषेत ‘पाचारण’ असा एक सुंदर शब्द आहे. देवाने माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणे, असा त्याचा अर्थ. पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे पाचारण होते ते पाळकाला किंवा धर्मभगिनीला. परंतु सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने नेमकी हीच समजूत मोडून काढली; चांभाराचे, गृहिणीचे, न्यायाधीशाचे कामही पाचारणच आहे असे त्याने आग्रहाने मांडले आणि त्यासाठी जो जर्मन शब्द वापरला तो पाचारण आणि व्यवसाय या दोन्ही अर्थांनी रूढ झाला. ऑनलाइन जगात व्यवसायाची चर्चा चालते ती बहुतेक पगाराच्या आकड्यांनी. ‘सहा महिन्यांत अमुक शिका, तमुक पगार मिळवा.’ गरीब घरच्या मुलाला पगाराचा विचार करू नकोस असे सांगणारा माणूस स्वतः कधी उपाशी झोपलेला नसतो. तो उपदेश मी करणार नाही. पण पगाराबरोबर ‘माझ्या हातून कोणाचे काय काम होईल?’ हा दुसरा प्रश्न विचारायला लावणे एवढे तरी मंडळीने करावे. आम्ही महिन्यातून एकदा मंडळीतल्याच एका काम करणाऱ्या माणसाला बोलावतो. आतापर्यंत एक परिचारिका, एक एस.टी. वाहक, एक वीजतंत्री आणि न्यायालयातील एक कारकून येऊन गेले. वाहकाने तिकिटाच्या यंत्राबद्दल आणि रात्रीच्या मुक्कामाबद्दल सांगितले ते मुलांनी श्वास रोखून ऐकले. कुंपणाची खालची बल्ली ती हीच.

कलाशाखेची विद्यार्थिनी म्हणून एक तक्रार मात्र नोंदविते. मुलांना ऑनलाइन दाखविल्या जाणाऱ्या वाटा बहुतेक संगणकाच्या आणि व्यवस्थापनाच्या असतात. इतिहास, भाषा, समाजशास्त्र ही जणू नापासांची धर्मशाळा! वास्तविक ‘स्वयम्’वर या विषयांचे चांगले पाठ आहेत, आणि केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीप्रवेशासाठी २०२२ पासून सुरू झालेली सामाईक परीक्षा मराठीतूनही देता येते. ही गोष्ट आमच्या तालुक्यात मला भेटलेल्या एकाही बारावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक नव्हती. मराठीतून लिहिता येते म्हटल्यावर एका मुलाचा चेहरा असा काही उजळला की त्याला आजवर कोणत्या भाषेचे ओझे वाटत होते ते वेगळे सांगावे लागले नाही.

या सगळ्या खटाटोपाला खर्च फार नाही. विजेचे बिल मंडळी देते, इंटरनेटचे पैसे तरुण संघ वर्गणीतून भरतो. अडते ते माणसांवर. शनिवारी दोन तास बसणारी आम्ही सध्या तिघे आहोत: मी, वाणिज्य शाखेतला एक चुलतभाऊ आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेल्या एक मावशी. मी यंदा तृतीय वर्षात आहे आणि चुलतभावाला पुण्यास नोकरी लागली आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील काही मित्रांशी मी बोलले. त्यांतले दोघे, एक गणिताचा आणि एक इंग्रजीची, दोघेही ख्रिस्ती नाहीत, जूनपासून यायला तयार आहेत. मावशींनी त्यांच्यासाठी एसटीचे वेळापत्रक पाहून तास सहाऐवजी साडेचारला घ्यायचे ठरविले आहे, कारण आमच्या फाट्यावरून तालुक्याला जाणारी शेवटची गाडी सात वाजता सुटते.